उंच मुलगी नको, मानेवरची गाठ चालते

मंडळी, आज भोरला मला बघायला मार्गासनीचे पाहुणे आले होते.

मुलाच्या वडिलांनी मला दाराच्या चौकटीशी उभं करून उंची बघितली. म्हणाले, "बापावर गेलीय. तशीच उंच, थोराड. त्यास्नी लिम्फोमा, त्यो गाठींचा कॅन्सर झाला, म्हंजी हिच्याबी रक्तात असनार. न्हाई जमायचं."

उठताना त्यांचा मफलर सरकला. मानेवर सुपारीएवढी गाठ, वर चुन्याचा लेप! माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या आजाराचीही तिथूनच सुरुवात झाली होती.

"डॉक्टरला दाखवा," मी म्हणाले.

"थंडीची हाय ती. आमच्या खानदानात कुणाला न्हाई, आन मी तर काटकुळा!"

उंचीने, रक्ताने धोका थोडा वाढतो, असं अण्णांचे डॉक्टर सांगायचे. बारक्यांना माफी असते, असं कधी म्हणाले नाहीत.

मला नकार देणं सोपं होतं. आता त्या गाठीला देऊन दाखवा म्हणावं!