फोल्केचे कार्डिनल

फोल्के ओकेरब्लूमच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द त्याच्या बायकोनंही कधी ऐकला नव्हता. तिनं घटस्फोटाचा विषय काढला तेव्हा हा गडी म्हणाला होता, ‘‘यावर सगळ्या बाजूंनी विचार व्हायला हवा.’’ तिनं एकाच बाजूनं विचार केला आणि ती गोथेनबर्गला निघून गेली.

अशा माणसाकडे पोपच्या गादीचं राजकारण सोपवणारी कंपनी स्टॉकहोममध्येच निघू शकते. सॉदेरमाल्मच्या चढावर, जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत तिचं ऑफिस. तिथं इतिहासाचे गेम बनत. खेळणाऱ्यानं घरबसल्या राजा व्हायचं, पोरी परक्या गादीवर द्यायच्या, शेजाऱ्याचा मुलूख गिळायचा आणि पाचशे वर्षं असाच उच्छाद मांडायचा. लढाया होत्या, लग्नं होती, प्लेग होता. चर्च तेवढं नव्हतं. नव्या भागात ते घालायचं ठरलं तेव्हा मुख्य बाई वेंडेला हिनं विचारलं, ‘‘चर्चमधलं कुणाला काही कळतं का?’’ सगळे आपापल्या कपात बघत बसले. मग कुणाला तरी आठवलं, की फोल्के त्याच्या पेठेतल्या चर्चमंडळावर निवडून आलाय.

आला होता खरा. पण कसा, ते सांगायला हवं. तिकडे चर्चच्या निवडणुकीलाही राजकीय पक्ष उभे राहतात आणि पक्षांना उमेदवारांची नावं कमी पडतात. फोल्केला त्यांनी देवावर विश्वास आहे का, असं काही विचारलं नाही. महिन्यातला एक बुधवार मोकळा आहे का, एवढंच विचारलं. तो होता. बायको गेल्यापासून त्याचे सगळेच बुधवार मोकळे होते.

त्या मंडळात वर्षभर बाकांवरच्या गाद्यांचा विषय चालला होता. निळ्या की करड्या? अध्यक्ष गुनहिल्डबाई दर बैठकीला गोड हसून म्हणायच्या, ‘‘एकाचंही मन दुखावून आपल्याला पुढं जायचं नाही.’’ एकाचं मन दुखावलेलं असायचंच. मग विषय पुढच्या बैठकीला. मग कॉफी. फोल्केला हे सगळं फार आवडायचं. माणसानं माणसाशी असंच वागावं, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि तेराव्या शतकातली माणसं वेगळी वागत असतील ही शंका त्या भल्या डोक्याला शिवलीही नाही.

त्यानं तीन वर्षं खपून पोप निवडणारे कार्डिनल घडवले. प्रत्येकाला आजार दिले, हाव दिली, भाचे-पुतणे दिले. इथवर ठीक. पण पोप निवडायला खऱ्या इतिहासात दोन-तृतीयांश मतं पुरत होती, ते काही त्याच्या पचनी पडेना. ‘‘म्हणजे तिघांतला एक नाराज ठेवून पोप करायचा?’’ तो वेंडेलाला म्हणाला, ‘‘बरं नाही वाटत ते.’’ म्हणून त्यानं नियम घातला, की उरलेल्यांचंही समाधान झाल्याशिवाय गादी भरायची नाही. पोप नाही म्हणजे नवे कार्डिनल नेमणार कोण, ही अडचण आली. तिच्यावर त्यानं चर्चमंडळातलाच उतारा काढला. प्रत्येक कार्डिनलमागे एक बदली सदस्य. मूळ माणूस मेला की बदली माणूस खुर्चीत, आणि त्याला लगेच नवा बदली.

गेम तपासायला राउनो नावाचा फिनलंडचा माणूस होता. स्वीडिश बोलायचा, पण धोंडे फोडल्यासारखी. खिशात काळ्या खारट गोळ्यांची पुडी आणि जिभेला हाड नाही. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी त्यानं गेम आपोआप चालायला लावला आणि तो घरी गेला. सोमवारी तो फोल्केच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

‘‘काय रं फोल्के, तुज्या त्या लाल टोपीवाल्यांना जिवंतपनी पुरलंय का कुनी?’’

‘‘का? काय झालं?’’

‘‘दोनशे वर्सं झाली, पोप न्हाई! तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, अमेरिका घावली, आन् ह्यांची आपली चर्चाच सुरू. इख न्हाई, लाच न्हाई, सादी शिवी न्हाई. तीन उपसमित्या नेमल्यात लेकांनी! हे कार्डिनल हायेत का तुज्या पेठेतल्या म्हाताऱ्या?’’

‘‘त्यांचं एकमत होत नसेल,’’ फोल्के म्हणाला.

‘‘एकमत! अरं, त्यांना पोप व्हायचंय, गाद्या न्हाई शिवायच्या!’’

ऑफिसभर हसू पसरलं. तोफा आणि वेढे सांभाळणारा एब्बे सगळ्यात जास्त हसला, कारण नव्या भागात जागा एकाच गोष्टीपुरती उरली होती. फोल्केचे कार्डिनल, नाहीतर एब्बेच्या तोफा. गुरुवारी बैठक होती. वेंडेलानं फोल्केला बाजूला घेऊन अगदी मायेनं सांगितलं, ‘‘नाही जमलं तरी तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. तुला आपण गेमच्या हवामानाकडे हलवू. पाऊस, धुकं, बर्फ. शांत काम आहे.’’

तीन वर्षांची मेहनत आणि शेवटी धुकं! फोल्के आयुष्यात पहिल्यांदा घाबरला आणि पहिल्यांदाच त्यानं इतिहासाचं पुस्तक नीट उघडलं. त्यात सापडलं, की इटलीतल्या एका गावात कार्डिनल असेच वर्षानुवर्षं घोळ घालत बसले होते. गावकऱ्यांनी त्यांना आत कोंडलं, खायला नुसता पाव आणि पाणी दिलं, आणि तरी ऐकेनात तेव्हा वरचं छप्पर काढलं, असं सांगतात. फोल्केला ते काही बरं वाटलं नाही. पण त्यानं गेममध्ये एक बटण घातलं. दार लावा.

बुधवारी राउनो ओरडतच आला. ‘‘आत्ता कसं! दार लावलं तशी मानसात आली बग बेनी. एकानं दुसऱ्याला इख घातलं, तिसऱ्यानं भाच्याला गाव लिवून दिलं, आन् आठवड्यात पोप! झ्याक!’’

फोल्केला चर्चमंडळाच्या बैठकीला त्या दिवशी पहिल्यांदा उशीर झाला. गाद्यांचा विषय पुढं ढकललेलाच होता.

गुरुवारची बैठक काचेच्या खोलीत भरली. टेबलावर दालचिनीचे बन, दोन थर्मास कॉफी. फोल्केनं बटण दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

‘‘फार छान,’’ एब्बे म्हणाला. ‘‘मनात आलं म्हणून बोलतो, खेळणाऱ्याला हे जरा कठोर नाही वाटणार?’’

‘‘छानच आहे,’’ आवाजाचं काम बघणारी ट्यूरा म्हणाली. ‘‘फक्त दाराचा आवाज कसला हवा, यावर एकदा बसायला हवं.’’

‘‘सगळ्यांचं ऐकून मला वाटतं,’’ वेंडेला वही मिटावी तसे दोन्ही हात मिटत म्हणाली, ‘‘आपण घाई नको करूया. नाताळानंतर बघू.’’

नव्या भागात नवं काही घालणं नाताळाआधीच बंद होणार होतं. म्हणजे हे ‘बघू’ ही कार्डिनलांना दिलेली मूठमातीच होती, वरून फुलं तेवढी ठेवलेली. फोल्केनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तीन वर्षं त्यानं घडवलेली माणसं समोर बसून बन खात होती.

तो उठला. बनांचं ताट उचललं, थर्मास उचलले, बाहेर नेऊन ठेवले. आत आला, दाराला किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

‘‘ठरल्याशिवाय कुणी जायचं नाही.’’

‘‘फोल्के, दार उघड बघू,’’ वेंडेला हसत म्हणाली.

‘‘नाही.’’

कुणी कपडे काढले असते तरी खोली एवढी दचकली नसती. कोपऱ्यात बसलेल्या राउनोचे डोळे मात्र लकाकले. ‘‘छप्पर काडता येत न्हाई,’’ तो म्हणाला, ‘‘खिडकी तर उगडतो,’’ आणि त्यानं सताड उघडली. बाहेर ओलं हिम पडत होतं, ते आत येऊ लागलं.

मग या गोड माणसांच्या आतून जी माणसं बाहेर पडली ती काय सांगावी! एब्बेला पाळणाघरातून पोरगी आणायची होती. त्यानं ट्यूराला कोपऱ्यात गाठलं. ‘‘तू माझ्या बाजूनं ये, तोफांचा सगळा आवाज तुझा.’’ ‘‘आणि घोड्यांचा?’’ ‘‘घोडेपण घे, बाई!’’ वेंडेला, जी कुणाच्या जन्मदिवशीही आवाज चढवत नसे, ती खेकसली, ‘‘ट्यूरा, त्याचं ऐकलंस तर याद राख!’’ कुणाचा तरी जुना राग निघाला, कुणी तरी कुणाला घोरपड म्हटलं. गार वाऱ्यात नाकं लाल झाली. एक कप कॉफी संपायला लागते तेवढ्या वेळात निकाल लागला.

निकाल एब्बेनं सांगितला. ‘‘दाराचं बटण झकास आहे. ते ठेवू. दाबलं की पोप. पण दारानंच काम होतंय तर आत एवढी माणसं कशाला? कार्डिनल काढून टाकू. ती जागा तोफांना.’’

‘‘मान्य असणाऱ्यांनी हात वर करा,’’ वेंडेला म्हणाली.

भराभर हात वर गेले. राउनोनं तेवढा केला नाही, तो गोळी चघळत फोल्केकडे बघत राहिला. फोल्केनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळ्यांचं ठरत होतं, उगाच आपण आडवं कशाला जायचं? त्यानंही हात वर केला.

‘‘आरं, मेल्या!’’ राउनो म्हणाला.

फोल्केनं किल्ली काढून दार उघडलं. बाहेरचं ताट शेजारच्या चित्रकारांनी साफ केलं होतं.

पुढच्या सोमवारपासून तो हवामानात बसू लागला. तिथं तो सुखी आहे, सगळे त्याच्याशी गोड बोलतात. वसंतात नवा भाग तपासताना राउनोनं हाका मारून अर्धं ऑफिस गोळा केलं. गेममध्ये जून उजाडला होता. साऱ्या युरोपावर गुडघाभर बर्फ होता, एब्बेच्या तोफा त्यात रुतल्या होत्या आणि बर्फ काही हलत नव्हता.

‘‘काय रं फोल्के,’’ राउनोनं विचारलं, ‘‘वितळायला हा कुनाची परवानगी मागतोय?’’

‘‘आजूबाजूच्या प्रदेशांची,’’ फोल्के म्हणाला. ‘‘सगळ्यांची तयारी झाली की वितळेल.’’