भोंगा बोलला, पट्ट्याने पाहिलं

भोंगा हे नाव त्याला आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, कारखान्याने ठेवलं होतं. शीतपेयं बाटलीत भरायचा तो कारखाना. धुतलेल्या बाटल्या लोखंडी पट्ट्यावरून एकमेकींना टकरा देत पळायच्या, आणि काचेवर काच आपटल्याचा कल्लोळ असा की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी त्याला फक्त तुमचा श्वास लागायचा. त्या कल्लोळातही या एका माणसाचा आवाज धुण्याच्या टाकीपासून पार फाटकापर्यंत जायचा. पाळी सुटल्याचं आधी तो सांगायचा, मग खरा भोंगा वाजायचा.

कानात घालायचे बोळे कारखान्यात होते, नव्हते असं नाही. पाहणीला साहेब यायचा असला की ते वाटायचे, आणि साहेबाची गाडी वळली की मोजून परत घ्यायचे. मग पट्ट्यावरच्या माणसांनी आपली सोय आपणच केली. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, जरा मोठे, जोडीला भुवया आणि हात. नवा माणूस महिनाभरात शिकायचा. या टोकाचा त्या टोकाशी बोलायचा, नवऱ्याच्या कागाळ्या, पोरांचे ताप, मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार, सगळं काही, आणि मुकादम मधून हात मागे बांधून शांतपणे फिरत असायचा. या भाषेत अहो-जाहो नव्हतं. तेवढे ओठ हलवायला वेळ कुणाला होता? बाईमाणूस असो की म्हातारा, सगळ्यांना ‘तू’.

पट्ट्याच्या मध्यावर पांढऱ्या उजेडाचा एक पडदा होता. त्याच्यापुढून बाटल्या सरकायच्या आणि तडा गेलेली, तळाशी कचरा राहिलेली बाटली झपकन उचलून बाजूला काढायची. हे काम जिचं, तिला सगळे दिवेवाली म्हणत. भोंगा तिच्या पुढे, बुचांच्या यंत्रावर. लग्नाचं त्याने तिला पट्ट्यावरच विचारलं, ओठांनी. तिने मान वर केली तर अख्खा पट्टा तिच्याकडे बघतोय. ती म्हणाली, "आधी बुचं नीट लाव." त्याने लावली, आणि दोन महिन्यांत लग्न झालं. मुलगी झाली तेव्हा त्याने यंत्र थांबवून ती बातमी ओरडून सांगितली. यंत्र थांबवल्याबद्दल ताकीद मिळाली, ती त्याने बक्षिसासारखी मिरवली.

तर असा हा भोंगा, आणि त्याच्या गळ्यातच रोग निघाला. कशाने झाला ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. धुण्याच्या टाकीची वाफ डॉक्टरांनी कधी छातीत ओढली नव्हती. आवाजाची पेटी काढून टाकली, गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं, त्यावर जाळीचा रुमाल आला. जीव वाचला, आवाज गेला.

दिवेवालीला वाटलं होतं, आवाज गेला तर गेला, आपली भाषा आहे की. पण तो ओठ हलवेना. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर एकदाच हलवले. म्हणाला, "मासा झालो मी." त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच. जेवायला बोलावलं तर मान, चहा हवा असला तर टेबलावर बोटं. ती समोर बसून बोलत राहायची आणि हा भिंत बघत बसायचा, जणू भिंतीवर काही लिहिलंय. तीही मग बोलायची कमी झाली. आवाज खाली, पाऊल हळू. भांडण तर नाहीच. घरात इतकी शांतता की दोघांनाही ती चावायची.

लग्नाला तीस वर्षं व्हायची होती. लेकीने ठरवलं, कार्यक्रम करायचा. जागा म्हणजे युनियनची जुनी खोली, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची. लोखंडी खुर्च्या, डुगडुगणारं लांब टेबल. बापाला विचारलं तर बापाने बराच वेळ भिंतीकडे बघून मान हलवली. ती होकाराची होती. दिवेवाली त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी पुसत राहिली.

आणि कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. भोंगा तेव्हा बाहेरच्या खोलीत, गळ्याची पट्टी बदलून घेत होता. रोग परत आलाय, डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात. औषधं देऊ, पण फार भरवसा नाही. तिने विचारलं, "त्यांना मी सांगितलं तर चालेल? दोन दिवसांनी?" डॉक्टर हो म्हणाले. मग ती बाहेर आली, नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे म्हणाले."

एक संध्याकाळ. तेवढंच तिला हवं होतं. ज्या माणसाने सहा महिन्यांत घराबाहेर पाय टाकला तो फक्त दवाखान्यासाठी, त्याने एक संध्याकाळ नवरदेव म्हणून बसावं, रोगी म्हणून नाही. लेकीलाही सांगितलं नाही. लेकीचं तोंड म्हणजे उघडी खिडकी, बापाने एका नजरेत वाचलं असतं.

त्या संध्याकाळी खोली भरली. पट्ट्यावरचे बरेच जण आले होते, बहुतेक निवृत्त झालेले, केस पिकलेले, कानांनी अधू. जावयाने माइक लावला होता. भोंग्याला टेबलाच्या मधोमध खुर्ची दिली. नवा सदरा, गळ्याला पांढराशुभ्र रुमाल. लोक येऊन त्याचा हात हातात घेत आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलत. भोंगा मान हलवत होता, पण दिवेवालीने पाहिलं, त्याचे खांदे सैल झाले होते, चेहरा जरा बरा दिसत होता.

मग पुढारी उठला. हा जुन्या युनियनचा माणूस, संपात तुरुंगात जाऊन आलेला, माइक दिसला की तरुण होणारा. "मित्रहो," तो म्हणाला, "हे लग्न म्हणजे आपल्या पट्ट्याची एकमेव मागणी, जी पहिल्याच बैठकीत मान्य झाली." लोक हसले. तेवढ्यावर थांबायला तो पुढारी कशाला झाला असता? तो संपावर आला, बोळ्यांवर आला, साहेबाच्या गाडीच्या रंगावर आला.

दिवेवाली दाराजवळ उभी होती, बश्या पुसत. समोर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी लेबलवाली बसली होती. बाटल्यांवर लेबलं चिकटवायला असायची ती, दिवेवालीची जिवाभावाची मैत्रीण. तिने तिथूनच भुवया उडवल्या आणि ओठांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

दोन दिवस दिवेवालीने हे कुणाला सांगितलं नव्हतं. आणि समोर ते तोंड, तो प्रश्न, ती भाषा. तिचे ओठ आपोआप हलले. "परत आलंय. फुप्फुसात. त्याला सांगितलं नाही. आजचा दिवस जाऊ दे."

शेजारी उभ्या लेकीला काही कळलं नाही. आवाजच नव्हता तर कळणार काय? दिवेवालीला बरं वाटलं, ओझं उतरल्यासारखं.

आणि पुढारी वाक्याच्या मध्येच थांबला.

हा माणूस पोलिसांची काठी पाठीत बसतानासुद्धा वाक्य पुरं करून पडला होता. तो थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. मागच्या रांगेतला हमाल बघत होता. धुण्याच्या टाकीवरच्या दोघी बघत होत्या. एकेक पिकलेलं डोकं तिच्याकडे वळलेलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. कारखाना सुटल्यावर इतकी वर्षं घरात राहून ती विसरली होती की आपली कुजबुज दिसते. बाकी जगात हळू बोललं की खाजगी राहतं, पट्ट्यावर तसं नव्हतं. तिने सगळ्यांत शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

त्याने चमचा उचलला आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर दोनदा ठोकला. पट्ट्यावर कुणाला हाक मारायची असली की कठड्यावर असंच ठोकायचे. मग त्याने ओठ उघडले.

"कोण परत आलंय?"

"काही नाही," तिचे ओठ म्हणाले.

"गळा कापलाय माझा, डोळे नाही."

"उद्या सांगणार होते."

"तडा गेलेली बाटली कुणी पुढे सोडली तर त्याची सालटी काढायचीस तू. आणि ही सोडलीस?"

"तू बाटली नाहीस."

"मग माणसासारखं सांगायचं."

इथे मात्र दिवेवालीचं डोकं फिरलं. सहा महिने गिळलेलं सगळं वर आलं. बशी टेबलावर ठेवून तिने दोन्ही हात मोकळे केले. "कुणाला सांगू? भिंतीला? तोंड शिवून बसलास. मी मेले का जिवंत, विचारलंस एकदा तरी? मासा म्हणे. माशाचंसुद्धा तोंड हलतं रे."

लेबलवालीच्या नाकातून हसू फुटलं. मागच्या रांगेतला हमाल पुढच्याला म्हणाला, "खाली बस की जरा, तिचं तोंड दिसत नाही."

जावयाच्या बाजूची माणसं गोंधळून इकडेतिकडे बघत होती. भरल्या खोलीत चिडीचूप, आणि नवरा खुर्चीत, बायको दाराशी, दोघं हवेत हात मारतायत. लेकीने आईचा दंड धरला. "आई, काय चाललंय? बाबांना काही होतंय का?"

भोंग्याने परत चमचा ठोकला. "तिला सांग."

"माझ्याने नाही होणार."

"मी सांगतो. तू नुसता आवाज दे."

कारण लेकीला ही भाषा येत नव्हती. दोघांनी ठरवूनच शिकवली नव्हती. कारखान्याची घाण घरात नको, पोरीने शिकून सवरून आवाजात बोलावं, अशी दोघांची जिद्द. आता ती जिद्द दोघांच्याही समोर उभी होती.

दिवेवाली त्याच्या खुर्चीजवळ गेली आणि त्याच्या तोंडाकडे बघत मोठ्याने बोलू लागली. "आवाज हिचा आहे, शब्द माझे आहेत," ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. "माझा रोग परत आलाय. फुप्फुसात. हिला माहीत होतं, हिने लपवलं. दोन दिवसच हो, अहो, दोनच दिवस. हे माझं मी म्हणतेय." कुणीतरी हसलं. लेकीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "रडायचं तर रड, पण बसून रड. जावईबापू, खुर्ची द्या तिला. डॉक्टरांना भरवसा नाही. माझ्यावर मुकादमालाही नव्हता. घरी जाऊन काय रडायचं ते रडू. इथे केक आणलाय, माणसं आलीत, कार्यक्रम बंद करायचा नाही. आणि ज्या, ज्या कारखान्याने..." ती अडखळली. "ज्या कारखान्याने आपल्याला त्रास दिला..."

"त्याचा शब्द ‘त्रास’ नाही," पुढारी म्हणाला.

"चारचौघांत मी ते बोलणार नाही," दिवेवाली म्हणाली.

"आम्ही वाचलंय ते," टाकीवरची एक जण म्हणाली. "बरोबरच आहे त्याचं."

भोंग्याने बायकोकडे बोट केलं. शब्द बदलायचा नाही. मग त्याने पुन्हा ओठ हलवले, या वेळी सावकाश, तिच्याकडे बघत. दिवेवालीने पदराने कपाळ पुसलं.

"पुढचं घरगुती आहे," ती म्हणाली.

"घरगुती कसलं," लेबलवाली खिडकीजवळून म्हणाली. "भर सभेत बोललाय. तो म्हणतो, सहा महिने ही माझ्याशी नर्ससारखी वागली. नर्स नको मला. मघाशी भांडली तेव्हा वाटलं, घरी आलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढाऱ्याने माइक बंद केला आणि घसा खाकरला, पण बोलला नाही, हे नोंदवण्यासारखं. जावयाने बश्या वाटायला घेतल्या.

लेकीने आपली खुर्ची उचलली आणि बापाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली. नाक पुसलं. "आई, तू आता बोलू नकोस," ती म्हणाली. "बाबा, मला सांगा. माझं मी बघते. हळू सांगा."

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं. मग ओठ हलवले.

"नाही कळलं. परत."

त्याने परत सांगितलं. तिने त्याच्या तोंडाकडे बघत आपलेही ओठ तसेच हलवून पाहिले.

पट्ट्यावरच्या भाषेत एखाद्याला एकांत द्यायचा तर भिंत नसते, दार नसतं. एकच करता येतं. हमालाने मान खाली घालून केक चिवडायला घेतला. टाकीवरच्या दोघी एकमेकींकडे वळल्या. पुढारी माइकची वायर गुंडाळू लागला. लेबलवालीने तोंड खिडकीबाहेर काढलं. एकेक डोकं फिरलं, आणि शेवटी दिवेवालीनेही पाठ केली. बाप लेकीला तिसऱ्यांदा काय सांगत होता, ते त्या खोलीत कुणी वाचलं नाही.