गडाखालचं शहर

माने काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडूजच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होते आणि माझ्या पिशवीत त्यांना वाचून दाखवायची पाच पानं होती. फोन त्यांच्या सुनेचा, सुनीतावहिनींचा होता. "पहाटे गेले. झोपेतच," त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तू आज येणार होतीस ना... सकाळपासनं तेच मनात येतंय." तेवढ्यात गाडी लागली. मी चढले, खिडकीजवळ बसले आणि साताऱ्यापर्यंत पिशवी मांडीवर धरून होते.

त्याला आता सात आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचा मला कितपत हक्क आहे, कळत नाही. मी त्यांच्या नात्यातली नाही. ते कुठे शिकवत नव्हते, म्हणून त्यांची विद्यार्थिनीही म्हणता येणार नाही. आमची ओळख जेमतेम दीड वर्षाची, तीही रविवारची. पण मला लिहिण्यातलं जे थोडंफार कळतं, ते त्यांच्याकडून आलेलं आहे.

काका मूळ कडेगावचे. भूमापन खात्यात मोजणीची साखळी धरायला म्हणून लागले, परीक्षा देत देत भूकरमापक झाले. काही वर्षं सांगलीत काढली आणि बाकीची सगळी नोकरी साताऱ्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि वाचायचे फक्त शहरांवरच्या कादंबऱ्या. मी एम.ए.ला आले तेव्हा निबंधासाठी 'कादंबरीतील शहर' हा विषय मला मिळाला होता. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. विषय मिळाला म्हणजे काय करायचं, हेही नीट ठाऊक नव्हतं. सरांनी दिलेली यादी घेऊन वाचनालयात गेले, तर यादीतली पाच पुस्तकं एकाच माणसाच्या नावावर गेलेली. ग्रंथपाल बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं. "ते बसलेत बघ. माग त्यांच्याकडेच."

काका खिडकीपाशी बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काहीतरी काढत होते. जवळ गेले तर तो नकाशा होता. कादंबरीतल्या माणसाचं घर म्हणजे एक चौकोन, तो चालतो ते रस्ते म्हणजे दुहेरी रेघा, आणि लेखकाने जे सांगितलंच नाही तिथे कोरा कागद. कादंबरी वाचून झाली की तिचा असा एक नकाशा काढायचा, ही त्यांची पद्धत. मी चाचरत पुस्तकाचं विचारलं. त्यांनी ते दिलं आणि सोबत नकाशाही पुढे सरकवला. "ह्यो बघ. तीनशे पानं मानूस शहरात हाय म्हंत्यात. खोली, हापिस आन् बागेतलं एक बाकडं. बाकी सगळं कोरं. ह्यो काय शहरात राहत न्हाई गं, खुर्चीत राहतोय."

मी हसले नाही. मला वाटलं, हे चेष्टेचं नाही. आणि नव्हतंच. पुढच्या काही महिन्यांत मी असे कितीतरी नकाशे पाहिले. एका लेखिकेच्या कादंबरीत नायिका नळावर जाते, रेशनला जाते, मुलाला शाळेत सोडते, सासऱ्यांचं औषध आणते. तिचा कागद रेघांनी इतका भरला होता की पेन्सिलीला जागा उरली नव्हती. "बाया शहर जास्ती चालत्यात. पुस्तकात मात्र गडीमानसं फिरताना दाखवत्यात," काका म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली आणि ती मी निबंधात त्यांच्या नावासकट घातली. या पुस्तकांत आपल्या भागातला माणूस शहरात शिरला की लेखक त्याला आधी घाबरवतो. त्याला उंच इमारतींकडे बघत उभा करतो, त्याचा खिसा कापवतो, मग एकटं पाडतो. काकांचं म्हणणं होतं, "आपला मानूस येडा न्हाई. पयल्या दिवशी दोन जागा हुडकतो. पानी कुठं मिळतं आन् गावचं कोन राहतंय."

प्रत्येक शहराचा आपला एक प्रश्न असतो, असं ते मानत. सांगलीत खोली बघायला गेलं की लोक पहिलं विचारतात, पुराचं पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. ज्याला ती पायरी माहीत नाही त्याने सांगलीवर लिहू नये. "आन् तुमच्या वडूजला?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "आमच्याकडे विचारतात, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं." ते मनापासून हसले आणि दोन्ही वाक्यं कागदाच्या कडेला लिहून घेतली.

एकदा मात्र मी त्यांच्याशी भांडले. भांडले म्हणजे काय... माझा आवाज थोडा वर गेला. मी म्हणाले, कादंबरी म्हणजे मोजणी नव्हे काका. माणसाला शहरात एकटं वाटतं ते कुठल्या नकाशात दाखवणार? पुढच्या रविवारी त्यांनी एक अख्खा कोरा कागद माझ्या हातात दिला. वर फक्त एका कादंबरीचं नाव लिहिलेलं. "लय चांगली हाय. दोनदा वाचली. रेघ वढायचं ध्यानातच राहिलं न्हाई," ते म्हणाले. तो कोरा कागदही त्यांनी बाकीच्या नकाशांच्या गठ्ठ्यात तारीख घालून ठेवला. आपलं खोटं पडलेलं असं जपून ठेवणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

त्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी एक कथा छापून आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. कथा मुंबईतल्या एका एकट्या मुलीची होती. मी मुंबई पाहिलेली नाही, आजही नाही. पण इतकी पुस्तकं वाचली होती की खिडकी, समुद्र, गर्दी, सगळं आपोआप लिहून झालं. अंक घेऊन मी मोठ्या उत्साहाने काकांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि पेन्सिल घेतली.

"ही खोलीतनं भाईर पडली की उजवीकडं जाती का डावीकडं?"

"काका, कथा आहे ती."

"व्हय की. पर तिला चालायचं तर हाय का न्हाई? समुद्र कुठं हाय?"

"समोर."

"आन् हापिस?"

"...समोरच."

"म्हंजे पोरगी पवत जाती कामाला."

आत भाकरी थापणाऱ्या सुनीतावहिनींना हसू आवरलं नाही. मी मात्र रडकुंडीला आले. काकांनी अंक मिटून माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाषा चांगली हाय तुजी. म्हनून बोललो. तू जिथं चालतीस तिथलं लिव्ह की."

मी म्हणाले, "साताऱ्यावर कोण वाचणार? हे काय शहर आहे का?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मी जलमभर ह्ये मोजत आलोय. शहर न्हाई तर काय मोजत हुतो मग?" थोड्या वेळाने त्यांनी मनातलं सांगितलं. "साताऱ्यावरची पुस्तकं लय हायत गं. पर समदी गडावर. खाली कोन उतरतच न्हाई. स्टँड न्हाई, खालचा रस्ता न्हाई, ह्ये बोळ न्हाईत. एकदा वाचायला मिळावं आसं वाटतं... आपलं आपल्यालाच, गोष्टीत."

तेव्हा त्यांची तब्येत बिघडायला लागली होती. साताऱ्याचे मुख्य रस्ते दोन, खालचा आणि वरचा; त्यांचं घर वरच्या रस्त्याच्याही वर, अजिंक्यताऱ्याकडे चढत जाणाऱ्या एका बोळात. डॉक्टरांनी चढ-उतार बंद केला, तसं वाचनालय सुटलं. मग मीच दर रविवारी पुस्तकं घेऊन वर जाऊ लागले. दारात पोचले की माझ्या श्वासावरून ते ओळखत. "आज पळत आलीस. होस्टेलचं जेवान लौकर झालं वाटतं."

मी लिहायला घेतलं. वडूजच्या गाडीतून साताऱ्याच्या स्टँडवर उतरलेली एक मुलगी, हातात पिशवी, खोली शोधायला निघालेली. दोन पानांत ती जेमतेम पोवई नाक्यापर्यंत आली. ती दोन पानं काकांना वाचून दाखवली तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. बोटं मात्र पांघरुणावर चालत होती. झाल्यावर म्हणाले, "फुडं?" बस, एवढंच. मी म्हणाले, परीक्षा झाली की लिहिते. परीक्षा झाली, मग सुट्टी आली, मग मला वाटलं अजून नीट जमेना... काका घाई करत नव्हते. मी करायला हवी होती. ही पाच पानं झाली तेव्हा सात आठवड्यांपूर्वीचा तो रविवार उजाडला होता.

तेराव्यानंतर सुनीतावहिनींनी मला बोलावून नकाशांचा गठ्ठा दिला. सगळ्यात वर माझ्या दोन पानांचा नकाशा होता. स्टँड, रिक्षा थांबा, नाका, सगळं माझ्या वाक्यांवरून काढलेलं. नाक्यापाशी कागद संपत होता, म्हणून काकांनी वरच्या अंगाला आणखी एक कोरा कागद डिंकाने जोडून ठेवला होता. "पुढं चढ हाय, कागद लागंल, म्हणत होते," वहिनी म्हणाल्या.

मी ती पाच पानं उघडायला धजत नव्हते. गेल्या आठवड्यात गावी गेले तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. सातारा तिने दोनदाच पाहिलेला, एकदा डोळ्याच्या ऑपरेशनला आणि एकदा मला हॉस्टेलवर सोडायला. तिनेच विचारलं, "त्या म्हाताऱ्यांसाठी लिवलं हुतंस ते काय झालं? वाच की. माजं हात कामात हायत, कान न्हाईत."

मी वाचू लागले. मुलगी नाक्यावरून वरच्या रस्त्याला लागते, खोलीचा पत्ता विचारत विचारत बोळात शिरते, पिशवी या हातातून त्या हातात घेते. आईचं सूप थांबलं.

"थांब. ही आता वर निघाली न्हवं? पिशवी जड हाय म्हंतीस, आन् कवापास्नं चालतीया. बसू दे की तिला जरा."

"कुठं बसू दे?"

"आता त्ये मला काय ठावं? पायरी-बियरी आसंलच की. तू राहतीस तिथं."

मी मनातल्या मनात तो बोळ चढून पाहिला. कितीतरी महिने जवळजवळ प्रत्येक रविवारी चढले होते, तरी दमलेल्या माणसाला कुठे टेकता येईल ते आठवेना. मी कधी टेकलेच नव्हते.

सोमवारी सकाळच्या गाडीने आले. स्टँडवरून हॉस्टेलला न जाता पिशवीसकट चालत निघाले. वरच्या रस्त्यावरून बोळात वळले, आणि या वेळी सावकाश, दोन्ही बाजूंची घरं बघत चढले. डाव्या हाताच्या सातव्या घराला बाहेरून दगडी ओटा आहे, दोन माणसं बसतील एवढा. मी पिशवी ठेवली आणि बसले. तिथून खालचं शहर दिसत होतं, पत्रे, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, आणि खालच्या रस्त्याचा आवाज वर येत होता. मी वही काढून लिहू लागले.

घरातल्या बाई दारात आल्या. हात पिठाचे होते. "कुनाकडं आलाय?"

"मान्यांकडं," मी म्हणाले.

"आजून थोडं वर हाय. बसा, दम खावा. मग जावा."