आजी चढली, पेटी अडली

माझ्या आईला मी एकदा जमिनीपासून दीड फूट उंच उचललं होतं, आणि त्याला पावणेपाच मिनिटं लागली होती.

उचललं म्हणजे हाताने नव्हे, यंत्राने. (हाताने उचललं असतं तर निदान कंबर तरी माझीच मोडली असती.) जव्हारच्या बाजारात मोबाइल नुकते दिसायला लागले होते, रेंज मात्र अजून यायची होती, त्या काळातली ही गोष्ट. मी जव्हार ते दाभोसा जीप चालवायचो, आणि जीप चालत नसेल तेव्हा तिच्याखाली झोपून ती दुरुस्त करायचो. माझी मुलगी मनीषा नववीत होती. एक दिवस ती शाळेतून पळतच घरी आली.

"बाबा, नाशिकला रोबोटची स्पर्धा आहे! जमिनीवरची पेटी उचलून दीड फुटांवरच्या फळीवर ठेवायची. पहिले येतील त्यांना पुण्याला महिनाभर शिबिर. फक्त नववीच्या मुलांना!"

म्हणजे संधी एकदाच. तिच्या दोन मैत्रिणी, एक दाभोशाची आणि एक पोशेऱ्याची, तिच्या गटात होत्या. चाकांची गाडी त्या तिघींनी स्वतः बनवली होती. अडलं होतं ते पेटी वर नेणाऱ्या भागापाशी. त्याला लिनिअर ॲक्चुएटर म्हणतात असं मनीषाने वहीत चित्र काढून समजावलं: मोटर लांब आट्यांची सळई फिरवते, सळईवरचा नट स्वतः फिरू शकत नाही, म्हणून तो आट्यांवरून वर सरकतो आणि सोबत पेटीही वर जाते.

"एवढंच ना? हे माझ्यावर सोड," मी म्हणालो. आमच्या घरात आजवर जी काही संकटं आली, त्यांची सुरुवात याच वाक्याने झाली आहे.

थंडीचे दिवस होते, म्हणून जीपची वायपरची मोटर काढली. बाजारातून बोटाएवढी जाड, बारीक आट्यांची सळई आणली. मनीषा म्हणाली, "बाबा, लोखंड पकडायच्या वाइसच्या दांड्याला असतात तसे मोठे आटे हवेत. एका फेऱ्यात नट जास्त वर जाईल."

"आणि घसरून खाली आला तर? आपल्याकडे चढावर मागे सरकलेली गाडी लोक पुन्हा धरत नाहीत!"

आमच्या भागात गाडीची परीक्षा एकच. आत बारा, टपावर चार, मागे लोंबकळणारे वेगळे, एवढी माणसं घेऊन ती चढ चढली पाहिजे आणि मागे सरकता कामा नये. कधी पोचली हे कुणी विचारत नाही. पोचली हेच पुष्कळ. मी यंत्रही त्याच मापाने बांधलं. दोन बाजूंना लोखंडी पाइप, मध्ये सळई, नटाला वेल्ड केलेली पट्टी आणि पट्टीवर तात्पुरता एक पाट.

आता चाचणीला वजन हवं होतं. ओटीवर आई सुपात नागली निवडत बसली होती.

"आये, जरा या पाटावर बस."

"कशाला रं?"

"बस तर खरं."

ती सुपासकट बसली. मी जीपच्या बॅटरीला वायर लावल्या. मोटर घुरघुरली. आई नागली निवडत राहिली. मिनिटभर तिला काही कळलंच नाही! मग तिचे पाय लोंबायला लागले.

"आरं! मना कुठं नेतोस?"

"वर!" मी अभिमानाने ओरडलो. "सविता, बाहेर ये! आई चढतेय!"

माझी बायको सविता पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला हात लावला. (पीठ कपाळाला लागलं. त्याचा दोषही पुढे माझ्याच माथी आला.) शेजारचे पांडूकाका कुंपणापाशी आले. "म्हातारी कुठं निघाली?" त्यांनी विचारलं. "अजून ठरलं नाही," आई वरून म्हणाली.

दीड फुटाची खूण आली. मी टाळी वाजवली, आणि सविता किंचाळली, "अहो, पदर!"

आईचा पदर सळईत अडकून सावकाश गुंडाळला जात होता. मी वायर उपटली. मोटर थांबली, पण पदर घट्ट बसला होता आणि आई वरच अडकली होती.

"कापू का?" सविताने विचारलं.

"माझं लुगडं कापशील? त्यापेक्षा मी इथंच राहीन!"

शेवटी मनीषानेच वायर उलट्या लावल्या. सळई उलटी फिरायला लागली. पदर सुटत सुटत आणि आई उतरत उतरत, दोघं सावकाश खाली आले. तेवढ्या वेळात पांडूकाकांचा चहा पिऊन झाला होता. एकही दाणा सांडला नाही, हे मी पुढे आठवडाभर जीपमधल्या प्रत्येक उतारूला सांगत होतो.

मनीषा मात्र घड्याळ बघत उभी होती. "बाबा, वर जायला पावणेपाच मिनिटं लागली. स्पर्धेत तीनच मिळतात."

"अगं, आजी चाळीस-पंचेचाळीस किलोची! तुमची पेटी पाव किलोची. हलकी वस्तू भराभर जाईल."

"आटे तेवढेच आहेत ना, बाबा? एका फेऱ्याला एकच आटा."

"तू पुस्तकातलं बोलतेस. रिकामी जीप भरलेल्या जीपपेक्षा जोरात पळते की नाही?"

तिने वही मिटली. मला वाटलं, पटलं. निघायच्या आदल्या दिवशी यंत्र तिच्या गाडीवर बसलं. "एकदा पेटी लावून बघूया ना," ती म्हणाली. मी म्हणालो, "हळद लागलेल्या नवरीला कुणी शेतात पाठवतं का?" तिने खुंटीवर एक नवी पिशवी टांगून ठेवली होती, पुण्याला न्यायची. त्या पिशवीकडे बघून तरी मी यंत्र चालवून पाहायला हवं होतं.

नाशिकच्या हॉलमध्ये शिट्टी वाजली. तिघींची गाडी सुरेख पळाली, अचूक पेटीखाली शिरली, आणि माझं यंत्र सुरू झालं.

"बंद पडलं का?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही सर, चालू आहे," मनीषा म्हणाली.

परीक्षक खाली वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. तीन मिनिटं झाली तेव्हा पेटी फळीच्या वीतभर खाली होती. शिट्टी वाजली. पेटी चढतच होती. पुढचा गट आपलं सामान मांडू लागला तेव्हा ती अगदी दिमाखात फळीला लागली. टाळी वाजवायला हॉलमध्ये मी एकटाच. मनीषा खाली मान घालून वायर सोडवत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना दोघी मैत्रिणी जीपमध्ये मागे झोपल्या. मनीषा माझ्या शेजारी. नाशिक सुटलं, त्र्यंबक गेलं, पोरगी एक शब्द बोलली नाही. घाट लागला. जीप रांगायला लागली.

"किती हळू चाललीय," ती बाहेर बघत म्हणाली.

ती बोलली, याचाच मला इतका आनंद झाला की मी सुटलोच. "अगं, हा पहिला गियर! यात ताकद असते, वेग नसतो. गाडी भरलेली असो की रिकामी, पहिल्यात ती एवढीच पळणार. चढाला ठीक आहे. पण ज्याला वेळेत पोचायचंय तो पहिल्यावरच बसून राहिला, तर त्याच्यासारखा गाढव..."

मी थांबलो.

"पुढे सांगा ना, बाबा."

अठरा वर्षं मी गाडी चालवत होतो. घाट संपला, सपाटी आली, आणि मी समोर बघत पहिल्याच गियरवर जीप रेटत राहिलो. बऱ्याच वेळाने मनीषाने माझ्याकडे न बघता म्हटलं, "बाबा, आता तरी बदला."