वीतभर खोल निळा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. केमिस्ट्रीत बी.एस्सी., मग पुरातत्त्वात एम.ए., दोन्हीत फर्स्ट क्लास. हे आधीच सांगून टाकते, कारण सोनगीरच्या पुढच्या एका शिवारात माझी जी फजिती झाली, ती शिक्षण कमी पडलं म्हणून झाली नाही.

काम असं होतं. माणसं जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात तिथे राख, शेण, हाडं, खरकटं मातीत मुरतं. त्यातलं फॉस्फेट हजारो वर्षं जागचं हलत नाही. चिमूटभर माती गाळणकागदावर ठेवायची, वर दोन द्रावणांचे थेंब सोडायचे. फॉस्फेट असेल तर कागद निळा पडतो. जितकं जास्त, तितका गडद. आमच्या सरांना त्या शिवारात एकच चाचणी खड्डा घ्यायची परवानगी होती, आणि तो कुठे घ्यायचा ते माझ्या कागदांवर ठरणार होतं. जागा चुकली की हंगाम गेला. परवानगी पुन्हा मिळेलच असं नव्हतं.

नाल्यापासून बरंच लांब, कापूस उपटलेल्या एका वावरात कागद गडद निळे पडले. ओळीने सगळे. मी सरांना फोन केला, "सर, वस्ती सापडली." ते म्हणाले, "उद्या खुंट्या ठोकू. चौकोन तूच आख." मी आईलाही फोन करून सांगून टाकलं.

सकाळी मी दोरी ताणत होते. वावराचे मालक आबा बांधावर बसून बघत होते.

"काय शोधी राहिनी वं पोरी?"

"आबा, इथे जुनं गाव होतं. मातीच सांगतेय."

आबा हसले. "हाई माती आठली नहीच शे. नालाकाठनी पांढरीनी शे. मी अन् मन्हा बाप गाडा भरी भरी आनी, बठ्ठा वावरमा टाकी." मग जरा थांबून, "इतली शिकेल पोर तू! माले आधी इचारनं व्हतं ना."

मी दोरी खाली ठेवली. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची राखाडी, भुसभुशीत माती. खत म्हणून ती वावरात नेऊन टाकतात. हे मला नवीन नव्हतं हो! माझ्या बापानेही तेच केलंय. त्या मातीच्या ट्रॉलीवर बसून मी वावरात गेलेय. पण नमुने घेताना ते एकदाही डोक्यात आलं नाही. मी गाव शोधलं नव्हतं, खत शोधलं होतं.

सर यायचे होते. गप्प बसावं असं मिनिटभर वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ते गाडीतून उतरले तसं मी सगळं सांगून टाकलं. सर चिडले. "एवढे नमुने घेतलेस आणि मालकाशी एकदा बोलली नाहीस?"

"दुपारपर्यंत वेळ द्या सर. नांगर जातो तिथवरचीच माती मी घेतली होती. खालची बघते."

हाताने फिरवायचं गिरमिट घेतलं. वावरात वीतभराच्या खाली कागद कोराच राहिला. मग आबा मला नाल्याकाठी घेऊन गेले. तिथे टेकाड नव्हतंच, नुसती सपाट जागा आणि वेड्या बाभळी.

"आठेच व्हती पांढरी. आते काय उरनं! बठ्ठी सरी गई."

इथूनही मी आधी नमुने घेतले होते. वर पुराचा गाळ बसलेला, म्हणून कागद फिका पडला आणि मी जागा सोडून दिली. आता गिरमिट गाळातून खाली गेलं. हातभर खाली निळा, दीड हातावर जवळजवळ काळाच. टेकाड वाहून नेलं होतं, त्याचं बूड शाबूत होतं.

सरांनी कागद हातात घेऊन एकेक पाहिला. "खुंट्या इकडे आण."

चौथ्या दिवशी खड्ड्यात चोपून केलेली जमीन लागली, आणि तिच्यावर राखेचा एक गोल. मी ब्रश फिरवत होते, सर वाकून वाकून पाहत होते.

"चूल शे ती," काठावरून आबा म्हणाले. "त्यामा इतलं काय देखनं?"

"आधी तपासू द्या, आबा."

तपासलं. चूलच होती.

अहवालात 'जागेची निवड' हा भाग मी लिहिला. आधी शेतमालकांनी दिलेली माहिती, तिच्याखाली माझे कागद. सरांनी बाकी बऱ्याच ठिकाणी लाल पेन चालवलं. तो क्रम मात्र तसाच राहू दिला.