म्हाताऱ्या नवऱ्याचे संवाद

आमचा वाचनगट दर रविवारी कॅनडात, मिसिसागा शहरात एका ताईंच्या कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये भरतो. जय भीम, चहा, मग पुस्तक. त्या हिवाळ्यात एक जुनी इंग्रजी कादंबरी घेतली होती. कर्मठ ख्रिस्ती वसाहत, तरुण धर्मोपदेशक, त्याच्यात गुंतलेली विवाहिता आणि तिचा म्हातारा नवरा. संवाद आम्ही वाटून घेतले.

धर्मोपदेशक जवळच्या वॉन शहरातून येणाऱ्या एका गृहस्थांकडे गेला. त्यांना सगळे सर म्हणत. या गृहस्थांना मफलर काढायलाही श्रोते लागत. विवाहिता माझ्या बायकोकडे आली. ताई मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही नवरा करा. तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही."

सगळे हसले. बायको जरा जास्तच.

गाव त्या बाईला वाळीत टाकतं, तिथे गृहस्थांनी पुस्तक मिटून बहिष्कारावर व्याख्यान दिलं. ज्यांच्या आजी-आजोबांनी तो पाणवठ्यावर भोगला, त्यांना! तरी बायको हनुवटीखाली हात धरून ऐकत होती. माझं बोलणं ती भांडी आवरताना ऐकते.

मग त्यांनी पापाची कबुली वाचली. आवाज कापला, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही पुढची ओळ अचूक आली, म्हणजे घरी तालीम झाली होती. पुढचा संवाद माझा. नवऱ्याने बायकोला फक्त "कुठे होतीस?" एवढंच विचारायचं होतं. मी ते असं विचारलं की चहा ओतणाऱ्या ताईंचा हात थांबला.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "छान वाचलंस. अगदी खरा वाटलास."

"आणि धर्मोपदेशक?"

"भित्रा आहे. सगळं गाव तिला छळतंय आणि हा नुसते उसासे टाकतोय. नवरा निदान उघड जळतो तरी."

मी खूश झालो. सिग्नलवर गाणंही गुणगुणलो.

"बरं, पुढच्या रविवारी सरांना घरून पिकअप करायचंय. त्यांची गाडी गॅरेजमध्ये आहे."

"वॉन आपल्या वाटेवर नाही."

"माहीत आहे. मी हो म्हटलंय."

त्या रविवारी गाडी बायको चालवत होती. सरांचे पाय लांब, म्हणून ते पुढे बसले. "अपराधीपणा आवाजात कसा आणता हो तुम्ही?" तिने विचारलं. सरांनी मफलर सैल केला. मी मागे ग्रोसरीच्या पिशव्यांशेजारी बसून माझे संवाद काढले. ते थोडेच होते, आणि तालमीची गरज नव्हती.