सुमनला जवळ घेऊ नका

निरोप घेऊन आले ते आमचे दाजीच. चिंचवडच्या दवाखान्यात मी खलात औषध घोटत होतो. ते पायरीवरच उभे राहिले. "गेली पोर," एवढंच म्हणाले. मी खल खाली ठेवला, बाकावर बसलेल्या म्हातारबांच्या दोन पुड्या बांधायच्या राहिल्या होत्या त्या बांधल्या, आणि मग त्यांच्याबरोबर निघालो. पुड्या आधी का बांधल्या, हे मला अजून सांगता येत नाही... माझी भाची सुमन सहा वर्षांची होती. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले.

मी कंपाउंडर आहे, डॉक्टर नव्हे. पण दापोडीच्या ज्या चाळीत माझी बहीण कमल राहते, तिथले लोक मला 'डाक्टर' म्हणतात आणि मी त्यांना कधी अडवलं नाही. दाजी साताऱ्याकडचे, कारखान्यात फिटर. कमल आमच्या मावळातल्या घरात वाढलेली, शब्दाला शब्द न देणारी. सुमन मात्र भारी हुकमी. नळावर चाळीतल्या पोरांची रांग लावायची आणि रांग मोडणाऱ्याला सरळ घरी पिटाळायची. मी गेलो की आधी हात धुवायला लावायची, कारण मीच एकदा तसं बजावलं होतं. एकदा सांगितलं की ते अक्षरशः पाळायचं, असा तिचा खाक्या होता.

दिवाळीनंतर तिला खोकला लागला, बारीक ताप येऊ लागला, जिना चढताना धाप लागायला लागली. पुण्याला फोटो काढला तर डाव्या छातीत पाणी. सुई घालून पेलाभर काढलं. आमच्याकडे छातीत पाणी म्हटलं की क्षय, दुसरा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. पुण्याचे डॉक्टर तरी 'बहुधा' म्हणाले होते. तो 'बहुधा' दापोडीला पोचेपर्यंत माझ्याकडून गळून गेला. त्याच दिवशी मी खोलीत खडूनं रेघ मारली. रेघेच्या आत सुमनचं अंथरूण, तिचं वेगळं जर्मनचं ताट, वेगळा पेला. भांडी उकळत्या पाण्यातून काढायची. आंघोळ घालायची ती लांबून तांब्यानं पाणी ओतून. आणि पोरीला कुणी जवळ घ्यायचं नाही.

"दादा, ल्हान हाय रं ती," कमल म्हणाली.

"आणि विलास? तो अंगावर पितोय ना अजून?" मी विचारलं. विलास तिचा धाकटा, वर्षाचा. कमलनं विलासला उचलून कडेवर घेतलं. मला वाटलं, समजली. ती समजली नव्हती, तिनं ऐकलं होतं.

मग रोज संध्याकाळी सायकल मारत, कासारवाडी ओलांडून मी दापोडीला जायचो आणि इंजेक्शन द्यायचो. सुमननं ती रेघ माझ्यापेक्षा कडक पाळली. मांजर आत शिरलं तर त्यालासुद्धा, "जा, तुला लागंल माझं!" म्हणून हाकलायची. विलास रांगत रेघेकडे निघाला की आईला हाका मारायची. मी शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचो, पोर किती शहाणी आहे बघा. ते कौतुक आठवलं की आता माझी मलाच लाज वाटते.

सात आठवडे झाले तरी ताप हटेना. एके दिवशी कमलनं मला बाजूला बोलावून सांगितलं, लघवी लाल होतीय. मी तेव्हा पहिल्यांदा सुमनच्या पोटावर हात ठेवला. डाव्या कुशीत कवठाएवढी टणक गाठ. पूर्वी दर रविवारी कमल तिला तेल चोळून न्हाऊ घालायची, तिच्या हाताला ती गाठ चुकली नसती. पण त्या पोटाला सात आठवडे कुणाचा हातच लागला नव्हता. मी रोज सुई टोचत होतो, तेवढंच.

पुण्याच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही मूत्रपिंडाची गाठ, लहान मुलांना होणारा कॅन्सर. छातीतलं पाणी त्यातूनच झालेलं. काही मुलांत गाठ फुप्फुसापर्यंत न पसरतासुद्धा पाणी होतं, पण हिच्या फुप्फुसात ठिपके दिसतात. आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही.

"आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, "क्षय नाही हा. कुणाला लागत नाही. पोरीला आईजवळ राहू दे."

घरी येऊन मी ओल्या फडक्यानं रेघ पुसली. कमल धावत अंथरुणापाशी गेली, तशी सुमन भिंतीला सरकली. "नको आई, तुला लागंल. मामानं सांगितलंय." कमलनं समजावलं, दाजींनी समजावलं. मी म्हणालो, "अगं, मामा चुकला." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रांग मोडतोय! शेवटी मी तिचा पेला उचलला आणि तिचं उष्टं दूध तिच्यासमोर घटाघट प्यालो. दुसऱ्या दिवशी मी गेल्या गेल्या तिनं विचारलं, "मामा, खोकला आला?" नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवस तिनं माझी परीक्षा घेतली आणि चार दिवस कमल हातभर अंतरावर बसून राहिली. ते चार दिवस मी माझ्या खात्यावर धरतो, आधीच्या सात आठवड्यांइतकेच. पाचव्या दिवशी माझ्या छातीला कान लावून तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "आई, ये."

त्यानंतर अकरा दिवस ती कमलच्या मांडीवर होती. आडवं केलं की पोरीला श्वास पुरेना, म्हणून कमल भिंतीला टेकून, पाय पसरून बसायची आणि तिला छातीशी टेकवून धरायची. जेवण दाजी भरवायचे. ती गेली तीही तशीच, बसल्या बसल्या. कमलला बराच वेळ कळलंच नाही.

कमल अजूनही दुपारी तशीच बसते. विलास पाळण्यात निजलेला असतो आणि तिचे पाय तसेच पसरलेले, हात मांडीवर. शेजारणी मला गाठून म्हणतात, "डाक्टर, तुमी सांगा तिला उठाया. तुमचं ऐकती ती."

ऐकते. म्हणूनच मी काही सांगत नाही.